स्मृतिभ्रंशग्रस्तांचे निवासी काळजी केंद्र : निवडताना आणि निवडल्यानंतर काय पाहावे

भारतातील साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशासह जगत आहेत, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासातून दिसून आले. यांपैकी बहुतेकांची काळजी घरीच घेतली जाते. तथापि आजाराच्या एखाद्या टप्प्यावर घर अपुरे पडू लागते. रात्रभर न झोपणाऱ्या, दार उघडून रस्त्यावर निघून जाणाऱ्या, आंघोळीसाठी अंगाला हात लावू न देणाऱ्या व्यक्तीला सांभाळताना वृद्ध जोडीदार स्वतःच आजारी पडतो. मुले परगावी असतात. घरी येणारे मदतनीस टिकत नाहीत. अशा वेळी निवासी केंद्राचा विचार करणे ही कर्तव्यच्युती नव्हे. मात्र ‘आपण आईला बाहेर ठेवले’ या अपराधभावनेने कुटुंबीय अनेकदा इतके संकोचतात, की केंद्रात प्रश्न विचारण्याचा आपला अधिकारच ते सोडून देतात. ही पत्रिका त्या प्रश्नांविषयी आहे.

अन्य सेवांच्या बाबतीत सेवा घेणारी व्यक्ती आपला अनुभव स्वतः सांगू शकते. स्मृतिभ्रंशग्रस्त व्यक्तीला ते सहसा शक्य नसते. सकाळी उपाशी राहावे लागले, रात्री हात बांधले गेले, हे संध्याकाळपर्यंत तिच्या स्मरणात राहत नाही. राहिले तरी शब्द सापडत नाहीत. आणि तिने कसेबसे सांगितलेच, तर ‘आजी असेच काहीतरी बोलतात’ असे म्हणून ते उडवून लावणे फार सोपे असते. म्हणून केंद्राची पारख कुटुंबीयांनी स्वतःच्या डोळ्यांनी आणि केंद्रातील नोंदींवरून करावयाची असते. चकचकीत फरशी, बाग, देवघर आणि माहितीपुस्तिकेतील छायाचित्रे यांवरून फार थोडे कळते.

नोंदणीची विचारणा

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, भावस्थिती आणि आकलन यांबरोबरच स्मृती व स्थळकाळाचे भान यांच्या गंभीर विकारांचाही समावेश आहे. असे विकार असलेल्या व्यक्ती जेथे काळजी, उपचार वा पुनर्वसनासाठी राहतात, त्या आस्थापनेने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करणे आणि नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे या कायद्याने अपेक्षित आहे. पहिल्याच भेटीत ते प्रमाणपत्र पाहावयास मागावे. ‘आमचा साधा वृद्धाश्रम आहे, आम्हाला ते लागू होत नाही’ असे उत्तर मिळाल्यास राज्य प्राधिकरणाकडे स्वतंत्रपणे चौकशी करावी. स्मृतिभ्रंशग्रस्तांना सांभाळण्याची जाहिरात करावयाची आणि नोंदणीचा विषय निघाला की वृद्धाश्रम म्हणवून घ्यावयाचे, या दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत.

प्रमाणपत्र आवश्यक आहे, परंतु ते पुरेसे नाही. त्यावरून केंद्र अस्तित्वात आहे आणि ते तपासणीच्या कक्षेत आहे एवढेच समजते. तेथे मंगळवारी रात्री दोन वाजता काय घडते, हे कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते.

भेट केव्हा द्यावी

केंद्रे साधारणतः सकाळी अकराच्या सुमारास यावयास सांगतात. त्या वेळी आंघोळी व नाश्ता आटोपलेला असतो, लादी पुसलेली असते आणि कर्मचारी सर्वाधिक असतात. ही भेट अवश्य घ्यावी. पण निर्णय तिच्यावर आधारू नये. दुसरी भेट न कळवता आणि शक्यतो सायंकाळी पाच ते सात या वेळेत द्यावी. अनेक स्मृतिभ्रंशग्रस्तांची अस्वस्थता दिवस मावळताना वाढते. ‘मला घरी जायचे आहे’, ‘मुले शाळेतून आली असतील’ असे म्हणत त्या दाराशी येतात. नेमकी याच सुमारास बहुतेक ठिकाणी पाळी बदलते. अशा घटकेला कर्मचारी काय करतात, हे उभे राहून पाहावे. कोणी त्यांचा हात धरून चार पावले चालते, मुलांची नावे विचारते, चहा पुढे करते. की ‘गप्प बसा’ म्हणून दूरचित्रवाणीचा आवाज वाढवला जातो? या अर्ध्या तासात जितके समजते, तितके व्यवस्थापकांशी दोन तास बोलूनही समजत नाही.

तिसरी वेळ जेवणाची. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

भेटीत कान उघडे ठेवावेत. कर्मचारी निवाशांना कोणत्या नावाने हाक मारतात? ‘नाना’, ‘कुलकर्णीबाई’, ‘आजी’ अशी त्या व्यक्तीला रुचेल अशी हाक आणि ‘ए सात नंबर’ यांत मोठे अंतर आहे. निवासी समोर बसलेले असताना त्यांच्या शौचाविषयी, डायपरविषयी मोठ्याने बोलले जाते का? लघवीचा वास एखाद्या खोलीत क्षणभर येणे स्वाभाविक आहे. तो सगळ्या मजल्यावर आणि दोन्ही भेटींत येत असेल, तर कपडे व डायपर वेळेवर बदलले जात नाहीत असे समजावे. फिनाईलचा अतितीव्र वास हेदेखील काही वेळा त्याचेच लक्षण असते.

सर्वांत महत्त्वाचा एक प्रश्न कर्मचाऱ्यांच्या संख्येविषयी आहे आणि तो नेमकेपणाने विचारावा लागतो. ‘आमच्याकडे वीस जणांचा स्टाफ आहे’ या उत्तरात कार्यालयीन कर्मचारी, स्वयंपाकी आणि चालकही मोजलेले असतात. त्याऐवजी असे विचारावे : आज रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत किती परिचारक जागे असतील, ते किती निवाशांसाठी असतील, त्यांत प्रशिक्षित परिचारिका किती? शक्य असल्यास हजेरीपट पाहावा. कर्मचारी किती महिन्यांपासून तेथे आहेत, हेही विचारावे. दर दोन महिन्यांनी मावशी आणि मामा बदलत असतील, तर निवासी सतत अनोळखी हातांत असतात. स्मृतिभ्रंशात ही भयाची मोठी बाब आहे.

बांधणे, कोंडणे आणि गुंगीत ठेवणे

या विषयावर केंद्रे आपणहून बोलत नाहीत आणि कुटुंबीयही विचारण्यास कचरतात. म्हणून तो येथे विस्ताराने घेतला आहे.

बांधणे म्हणजे केवळ दोरीने बांधणे नव्हे. मनगटाला ओढणी किंवा बँडेज गुंडाळून पलंगाच्या कठड्याला अडकवणे, समोर घट्ट फळी लावलेल्या खुर्चीत तासन्‌तास बसवणे, हातांत मोजे घालून ते मनगटाशी आवळणे, उतरता येऊ नये म्हणून पलंग भिंतीला लावून दुसऱ्या बाजूचा कठडा चढवणे, काठी किंवा चष्मा हाती लागू न देणे, हे सर्व बांधणेच आहे. ‘पडू नयेत म्हणून’ असे कारण दिले जाते. वस्तुतः बांधलेली व्यक्ती सुटण्यासाठी धडपडते आणि कठड्यावरून पडल्यास अधिक उंचावरून पडते. बसून बसून तिचे स्नायू क्षीण होतात, शय्याव्रणे होतात, बद्धकोष्ठता व छातीचा संसर्ग संभवतो. जी व्यक्ती दाखल होताना चालत होती, ती काही आठवड्यांत उभी राहू शकत नाही.

कायद्याची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. उपरोक्त अधिनियमाच्या कलम ९७ नुसार कोणासही एकांतात कोंडून ठेवता येत नाही. शारीरिक बंधन केवळ तात्काळ व निकटची इजा टाळण्याचा तोच एकमेव उपाय असेल तेव्हाच, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांच्या अनुमतीने आणि अत्यावश्यक तेवढ्याच काळासाठी वापरता येते. बंधनाचा प्रकार, कारण व कालावधी यांची नोंद तत्काळ करावी लागते आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांच्या आत कळवावे लागते. शिक्षा म्हणून बंधन वापरता येत नाही. केवळ कर्मचारी अपुरे आहेत, या कारणास्तवही ते वापरता येत नाही. ही शेवटची तरतूद कुटुंबीयांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण तेच असते. ‘रात्री एकच मावशी असते, काय करणार?’ हे स्पष्टीकरण सहानुभूतीस पात्र असेल. कायद्याला ते मान्य नाही.

याच अधिनियमाने प्रतिष्ठेने जगण्याच्या अधिकारात स्वतःचे कपडे घालण्याचा, खाजगीपणाचा आणि सक्तीने मुंडन करून न घेण्याचा अधिकारही मान्य केला आहे. विंचरणे सोयीचे जावे म्हणून आयुष्यभर अंबाडा घालणाऱ्या स्त्रियांचे केस सरसकट बारीक कापले जातात. भेटीच्या वेळी सर्व महिला निवाशांचे केस सारखेच कापलेले आणि सर्वांच्या अंगावर एकसारखे गाऊन दिसले, तर हा निर्णय कोणाचा होता, असे अवश्य विचारावे.

गुंगीत ठेवणे हे बांधण्यापेक्षा अधिक अदृश्य आहे. क्वेटिॲपिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही औषधे तीव्र आक्रमकता किंवा यातनादायक भास असल्यास डॉक्टर मर्यादित काळासाठी देतात, आणि काही रुग्णांना त्यांची खरोखर आवश्यकता असते. परंतु स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या गटातील औषधांमुळे पक्षाघाताचा व मृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या पिढीतील आणि २००८ मध्ये जुन्या पिढीतील औषधांबाबत सर्वोच्च दर्जाचा इशारा दिला, तो याच कारणासाठी. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर अशा औषधांनी अंग ताठरणे व शुद्ध हरपणे यांसारखे गंभीर परिणाम होऊ शकतात.

म्हणून औषधांच्या तक्त्याची प्रत दरमहा मागावी. नवीन औषध दिसल्यास ते कोणी लिहिले, कोणत्या लक्षणासाठी, किती दिवसांसाठी, आणि पुन्हा केव्हा तपासणार, हे चार प्रश्न विचारावेत. अचानक वाढलेल्या चिडचिडीमागे अनेकदा साधी कारणे असतात : मूत्रमार्गाचा संसर्ग, लघवी तुंबणे, चार दिवसांची बद्धकोष्ठता, दुखरी दाढ, हरवलेले श्रवणयंत्र. व्यक्तीला ते सांगता येत नाही म्हणून ती ओरडते. चांगले केंद्र प्रथम ही कारणे शोधते. दुसऱ्या प्रकारचे केंद्र झोपेची गोळी वाढवते. दुपारी बाराला दिवाणखान्यातील बहुसंख्य निवासी माना टाकून झोपलेले दिसले, तर ती शांतता समाधानाची मानू नये. मात्र डॉक्टरांना न विचारता कुटुंबीयांनी कोणतेही औषध परस्पर बंद करू नये; काही औषधे एकाएकी थांबवल्याने अपाय होतो.

जेवण, वजन आणि त्वचा

जेवणाच्या वेळी एक परिचारक किती जणांना भरवतो, हे मोजावे. स्मृतिभ्रंशाच्या उत्तर टप्प्यात घास चघळणे व गिळणे मंदावते. एका व्यक्तीच्या जेवणास अर्धा ते पाऊण तास लागू शकतो. एकाच वेळी चौघांना भरवणारा परिचारक कितीही प्रेमळ असला, तरी घाई करणारच. घाईने भरवलेला, किंवा आडवे झोपलेल्या व्यक्तीच्या तोंडात घातलेला घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. जेवताना व्यक्तीला ताठ बसवले आहे का, जेवणानंतरही काही वेळ तसेच बसवून ठेवतात का, ठसका लागल्यास थांबतात का, हे पाहावे. पाण्याकडेही लक्ष असावे. तहान लागल्याचे स्वतःहून न सांगणाऱ्या व्यक्तीला दिवसभर पाणी द्यावेच लागते. कोरडे ओठ आणि गडद लघवी ही दुर्लक्षाची खूण असते.

काळजीचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार म्हणजे वजनाची नोंद. ती दरमहा ठेवलेली असावी आणि मागताच दाखवली जावी. एका महिन्यात पाच टक्के, म्हणजे ५० किलो वजनाच्या व्यक्तीत अडीच किलो, किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट ही वैद्यकीय तपासणी आवश्यक करणारी बाब आहे. ‘वय झाले, आता अंगाला लागत नाही’ हे उत्तर स्वीकारू नये. दाताची कवळी कपाटात पडून आहे, एवढेच त्यामागील कारण असल्याची उदाहरणे आढळतात.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी, हे परिचर्येच्या शिक्षणात अगदी आरंभीच शिकवले जाते. केंद्रात त्याचा तक्ता असावा. परंतु संपूर्ण महिन्याच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात आणि अगदी बरोबर दोनच्या पाढ्याप्रमाणे भरलेल्या असतील, तर तो तक्ता महिनाअखेरीस बसून लिहिलेला असण्याची शक्यता अधिक. त्यापेक्षा भेटीत स्वतः माकडहाड, टाचा आणि खुब्यांजवळची त्वचा पाहावी. गोऱ्या त्वचेवर शय्याव्रणाची सुरुवात लालसर डागाने दिसते आणि बोटाने दाबल्यावर तो डाग फिका पडत नाही. सावळ्या त्वचेवर लाली दिसतेच असे नाही. तेथे हात लावून पाहावे. आजूबाजूच्या भागापेक्षा तो भाग अधिक गरम, कठीण वा मऊ लागणे, किंवा स्पर्श होताच व्यक्तीने आक्रसणे, हे पुरेसे लक्षण आहे.

आग, पाणी आणि दारे

१ जानेवारी २०२३ रोजी पहाटे दिल्लीतील एका ज्येष्ठ नागरिक निवासी केंद्रात लागलेल्या आगीत दोन वृद्ध महिलांचा मृत्यू झाला. आग लागल्यावर धावू न शकणाऱ्या आणि दार कोणत्या बाजूस आहे हे न आठवणाऱ्या व्यक्तींसाठी अग्निसुरक्षा ही कागदोपत्री बाब राहू शकत नाही. चालता न येणारे निवासी वरच्या मजल्यावर आहेत का, उद्वाहन बंद पडल्यास त्यांना खाली कसे आणणार, कुलूपबंद दाराची किल्ली रात्री कोणाकडे असते, हे रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यालाच विचारावे, व्यवस्थापकाला नव्हे. खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या आतून उघडता येतात का, हेही पाहावे.

न्हाणीघरात गीझरचे पाणी मिसळूनच येईल अशी व्यवस्था असावी. ६० अंश सेल्सियसचे पाणी वृद्धांच्या पातळ त्वचेला काही सेकंदांत भाजते. फरशी न घसरणारी असावी, धरण्यास दांडे असावेत आणि रात्री शौचालयापर्यंत मंद दिवा असावा. औषधे व फिनाईल कुलपात असावीत. बाहेर पडण्याचे दार सुरक्षित असावे, परंतु आतल्या आत मोकळेपणाने फिरण्यास जागाही असावी; ज्यांना दिवसभर चालावेसे वाटते, त्यांना चालू देणे हाच उपचार असतो.

भाषा

हा मुद्दा महाराष्ट्र व गोव्याबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेल्या भाषा अनेकदा आधी मागे पडतात आणि मातृभाषा अधिक काळ टिकते. बेंगळुरू, हैदराबाद, इंदूर वा बडोदे येथे चाळीस वर्षे स्थानिक भाषेत व्यवहार केलेल्या आजोबांना एके दिवशी केवळ मराठीच उमगू लागते. ‘तहान लागली’, ‘पोटात दुखतंय’, ‘लघवीला जायचंय’ हे ज्यांना कळत नाही, त्या परिचारकांच्या दृष्टीने ते विनाकारण ओरडणारे रुग्ण ठरतात. परिचारकही बहुधा दूरच्या राज्यांतून आलेले असतात. दोष त्यांचा नाही.

मराठी समजणारी किमान एक व्यक्ती प्रत्येक पाळीत असेल, तर उत्तम. नसल्यास कुटुंबीयांनी वीस-पंचवीस नित्याचे शब्द व त्यांचे अर्थ परिचारकांच्या लिपीत लिहून पलंगाजवळ लावावेत. सोबत एक पानाची ओळखही द्यावी : कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, चहात साखर किती, आंघोळ सकाळी की संध्याकाळी, नोकरी कोणती होती, कशाची भीती वाटते. रेल्वेत गार्ड म्हणून तीस वर्षे काम केलेली व्यक्ती पहाटे चार वाजता उठून कपडे करू लागली, तर तो आजाराचा ‘उपद्रव’ नसून जुनी सवय आहे, हे परिचारकाला ठाऊक असले की झोपेच्या गोळीची गरज उरत नाही. हे पान कर्मचारी वाचतात की फाईलमध्ये ठेवून देतात, हे महिन्याभराने एखादा प्रश्न विचारून पडताळावे.

करार

शुल्कात काय समाविष्ट आहे व डायपर, औषधे, स्वतंत्र परिचारक यांचे वेगळे किती, अनामत केव्हा परत मिळणार, रुग्णालयात हलवण्याचा निर्णय कोण घेणार, आणि कोणत्या परिस्थितीत केंद्र निवाशाला परत नेण्यास सांगू शकते, हे लेखी असावे. निवाशाचे एटीएम कार्ड, धनादेशपुस्तिका वा निवृत्तिवेतनाचे खाते केंद्राच्या हाती देऊ नये.

‘रुळेपर्यंत पंधरा दिवस भेटायला येऊ नका’ अशी अट काही ठिकाणी घातली जाते. ती मान्य करू नये. भेटीनंतर निवासी रडतात हे खरे आहे; परंतु ज्या पंधरवड्यात नव्या जागी पडणे, उपाशी राहणे आणि बांधले जाणे यांचा धोका सर्वाधिक असतो, नेमका तोच पंधरवडा कोणाच्याही नजरेबाहेर जाता कामा नये. शक्य असल्यास प्रथम आठ-दहा दिवसांचा अल्पमुदतीचा निवास घेऊन पाहावा.

दाखल केल्यानंतर

निरनिराळ्या वारी, निरनिराळ्या वेळी जावे. मनगटांवर किंवा दोन्ही दंडांवर सारख्याच जागी दिसणारे वळ, वाढलेली नखे, कपाटातून नाहीसे झालेले कपडे, एखादा विशिष्ट परिचारक खोलीत येताच अंग चोरणे, या गोष्टींची तारखेसह नोंद ठेवावी व शक्य असल्यास छायाचित्र घ्यावे. एखादी जखम झाल्यास ती कशी झाली यापेक्षा आपल्याला केव्हा कळवले गेले, हे आधी पाहावे. वृद्ध व्यक्ती उत्तम केंद्रातही पडू शकते. पडल्याचे त्याच रात्री दूरध्वनीवरून कळवणारे आणि तसे नोंदवहीत लिहिणारे केंद्र, ‘आमच्याकडे कधीच कोणी पडत नाही’ असे सांगणाऱ्या केंद्रापेक्षा विश्वासार्ह मानावे.

दूरगावी राहणाऱ्यांनी केवळ व्हिडिओ कॉलवर विसंबू नये. कॉलच्या आधी केस विंचरून बसवता येते. टाचा पडद्यावर दिसत नाहीत. त्या शहरातील एखाद्या नातलगास वा स्नेह्यास महिन्यातून दोनदा जाण्याची विनंती करावी.

तक्रार व साहाय्य

तक्रार प्रथम केंद्राच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी व पोच घ्यावी. समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ किंवा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण यांच्याकडे तक्रार करता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या एल्डरलाइन या राष्ट्रीय साहाय्यवाणीचा निःशुल्क क्रमांक १४५६७ आहे. जवळच्या केंद्रांची माहिती, कायदेशीर मार्गदर्शन आणि छळाच्या प्रसंगी प्रत्यक्ष मदत यांसाठी तो वापरावा. काळजीवाहकांना स्वतःच्या मानसिक ताणाबद्दल बोलावयाचे असल्यास टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. जिवास तात्काळ धोका असल्यास ११२ वर संपर्क साधावा.